कॅमेऱ्याचे वाटेकरी

माझा नवरा सुजीत जळकुटा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे सांगत नाही. तोंडावर सांगते, आठवड्यातून दोनदा तरी, आणि तो नाकारतही नाही. "हाय मी तसा," म्हणतो आणि भाताचा पुढचा घास घेतो.

माणूस वाईट नाही. बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे, दारू नाही, तंबाखू नाही, सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर सुक्या मासळीच्या टोपल्या उचलायलाही येतो. शेजाऱ्याने घरावर स्लॅब टाकला, माझ्या बहिणीच्या नवऱ्याने दातिवऱ्याला नवी बोट उतरवली, ह्याच्या कपाळाला आठी पडली नाही. उलट पेढे मागून खाल्ले. त्याचं सगळं जळणं एकाच माणसासाठी राखून ठेवलेलं आहे आणि तो माणूस म्हणजे त्याचा चुलत भाऊ दर्पण.

दर्पण त्याच्याहून चार महिन्यांनी धाकटा. नवापुरात दोघं एका अंगणात वाढले, एका बाकावर शिकले. दोघांच्या बापांची होडी एक, जाळी एक. दर्पण आता बोईसर स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. बोलतो कमी, हसतो जास्त. टाकून बोललं तरी हसतो. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही, आणि माझ्या मते त्याचा हा सगळ्यात मोठा दुर्गुण आहे.

पालघरच्या एका फोटोवाल्याने धंदा गुंडाळला तेव्हा त्याचा कॅमेरा ह्या दोघांनी मिळून घेतला. लग्नाच्या, हळदीच्या ऑर्डरी घ्यायच्या असं ठरलं. पहिल्याच रविवारी दोघं अंगणात वाद घालत बसले की फोटोखाली नाव कोणाचं टाकायचं. माझे सासरे, चिंधू तांडेल, ओट्यावर जाळं विणत होते. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"होडीत म्हावरा कुनाच्या हाताला लागला ते कुनी इचारतं?" ते म्हणाले. "जो जाळा वढतो त्याचा बी आनि जो सुकानावर बसतो त्याचा बी. आला तो सगल्यांचा. कॅमेऱ्याला बी तोच कायदा."

झालं. आमच्याकडे सासऱ्यांनी होडीचा कायदा सांगितला की पुढे बोलायचं नसतं. बटण कोणीही दाबो, फोटोच्या कोपऱ्यात नाव यायचं 'सुजीत-दर्पण'. मोठ्याचं आधी, धाकट्याचं नंतर. जगात दुसरीकडे कुठे दोन फोटोग्राफर असला करार करत असतील असं मला वाटत नाही. मासे पकडणाऱ्यांनाच हे सुचायचं.

सुजीत तेव्हा खूश होता, कारण तेव्हा दोघांत तो उजवा होता. नवरीला कसं बसवायचं, करवल्यांच्या घोळक्यात बुटक्या बाईला पुढे कसं आणायचं, 'हलू नका, बघा इकडे' कोणत्या आवाजात म्हणायचं, हे त्याला आपोआप जमायचं. दर्पणच्या फोटोंत कोणाचं डोकं कापलेलं, कोणाचा डोळा मिटलेला. ते फोटोही 'सुजीत-दर्पण' म्हणून खपायचे. सुजीत मोठेपणाने म्हणायचा, "चालतं रे, शिकेल."

शिकला. पण माणसं नाही, गाड्या.

आणि जखमेवर मीठ चोळणारी गोष्ट म्हणजे त्या गाड्यांचं खूळ आणलं सुजीतनेच. मोबाइलवर त्याने कुठलासा व्हिडिओ पाहिला. धावती गाडी, पण तिच्या दिव्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळं लख्ख, आणि मागची झाडं, घरं, माणसं पुसल्यासारखी, नुसते रंगांचे पट्टे. फोटो बघूनच वारा लागावा. त्याला पॅनिंग म्हणतात. सुजीतने तो व्हिडिओ मला दाखवला, सासऱ्यांना दाखवला, आणि शेवटी दर्पणच्या दुकानात जाऊन त्याला दाखवला. "आपल्याला हे शिकायचंय," म्हणाला. 'आपल्याला'! हा शब्द त्याला पुढे फार महागात पडला.

ऐकायला ती युक्ती सोपी आहे. कॅमेऱ्याचा पडदा थोडा जास्त वेळ उघडा ठेवायचा. गाडी लांबून येताना दिसली की कॅमेरा तिच्यावर धरायचा, पाय रोवायचे आणि कमरेतून तिच्याबरोबर वळायचं, तिच्याच वेगाने. समोर आली की बटण दाबायचं, आणि दाबल्यावरही वळत राहायचं. कॅमेरा गाडीबरोबर चालला म्हणून गाडी स्थिर आणि दुनिया पुसट. वेग जरा चुकला की दोन्ही पुसट.

दर रविवारी सकाळी दोघं नवापूर रस्त्याच्या वळणावर उभे राहू लागले. पलीकडे सुरूची झाडं, अलीकडे रामाची चहाची टपरी. रामा म्हणजे फुकटचा परीक्षक. चहा उकळता उकळता दोघांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकवायचा आणि निकाल द्यायचा. सुजीतच्या फोटोंना त्याने नाव ठेवलं होतं 'सांडलेला चहा'.

सुजीतला वाटलं गाड्यांचाच दोष. इथल्या गाड्या हळू जातात. म्हणून तो एका रविवारी एकटाच कॅमेरा घेऊन मनोरला गेला, हायवेवर. तिथे वेगाची कमी नव्हती, पण रस्त्याकडेला कॅमेरा रोखून उभा असलेला माणूस दिसला की प्रत्येक ड्रायव्हरला वाटायचं पोलीस. ब्रेक लागायचे. त्या दिवशीच्या त्याच्या सगळ्या फोटोंत गाडी हळू आणि ड्रायव्हरचा एक हात सीटबेल्ट शोधतोय. एक ट्रकवाला तर थांबून खाली उतरला आणि कागद पुढे करून म्हणाला, "साब, सब ओरिजिनल है." सुजीतने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी हसले. दर्पणही हसला. दर्पणचं हसणं त्याला लागलं.

त्याच्या पुढच्या रविवारी दर्पणला पहिला फोटो मिळाला. बोईसर-नवापूर फेऱ्या मारणारी पांढरी इको व्हॅन. आपण रोज जिच्यात कोंबून बसतो, जिचं दार दोरीने बांधलेलं असतं, तीच. फोटोत ती अशी दिसत होती की जणू शर्यतीला निघाली आहे. मागे सुरूची झाडं नुसती हिरवी रेघ. खिडकीत म्हावऱ्याची पाटी मांडीवर घेतलेली एक मावशी, तिच्या नाकातली नथसुद्धा स्पष्ट.

रामाने पातेलं खाली उतरवलं आणि आसपासच्या चौघांना बोलावून तो फोटो दाखवला.

"नशीब," सुजीत म्हणाला.

दुसरा चांगला आला तेव्हा म्हणाला, "उजेड बरा होता." तिसऱ्याला काही बोलला नाही. चौथा आला त्या दिवशी तो घरी आला आणि जेवता जेवता मला म्हणाला, "परतीक्षा, मागच्या टायरचा बोल्ट बघितलास? हललाय." मी नाही बघितला बोल्ट. फोटो इतका सुंदर होता की बोल्ट बघायला मुद्दाम जळावं लागलं असतं.

ह्यात सुजीतची खरी गोची अशी, की ते सगळे फोटो कायद्याने त्याचेही होते. इंटरनेटवरच्या आमच्या पानावर चढायचे 'सुजीत-दर्पण' म्हणून. कारखान्यात लोक त्याची पाठ थोपटायचे. "काय फोटो टाकलास यार!" सुजीत म्हणायचा, "आमचाय." खोटं बोलत नव्हता. पण ज्या फोटोवर आपण रात्रंदिवस जळतो त्याच फोटोचं कौतुक हसून स्वीकारायचं म्हणजे काय होत असेल माणसाचं? पोटात दुखतंय आणि लोक ढेकर दिलास म्हणून कौतुक करतायत, असं ते.

"मला एकच पायजे," एकदा तो मला म्हणाला. अंगणात बोंबील पालटत होतो आम्ही. "एकच गाडी. माझ्या हातची. लोकांनी बघून म्हनायला पायजे, हा सुजीतचा. दर्पणचा नाय, दोघांचा नाय. मग मी गप बसतो."

मला हसू आलं नाही. कारण ह्या घरात जळणारी मीही होतेच.

माझं कारण वेगळं. सराव करायला सुजीतला चालती गाडी हवी असायची आणि त्याच्या हाताशी होते मी आणि माझी स्कूटी. किती फेऱ्या मारल्या असतील मी त्या रस्त्यावर! केस बांध, केस सोड, हळू ये, जोरात ये. सगळ्या फोटोंत मी चुलीच्या धुरासारखी. मग एकदा दर्पणने त्याच्या बायकोला, रिद्धीला, त्याच वळणावरून एकच फेरी मारायला सांगितली. एकच! त्या फोटोत रिद्धीच्या कपाळावरची बट उडालेली दिसते आणि ती कोणाकडे तरी बघून हसतेय. कोणाकडे म्हणजे नवऱ्याकडेच. तो फोटो तिने कुठे लावला नाही, कोणाला दाखवत फिरली नाही. मिरवली असती तर मला नाक मुरडता आलं असतं. मला रिद्धीचा हेवा वाटला, अजून वाटतो, आणि त्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. माझ्या नवऱ्याने इतकं पेट्रोल जाळलं आणि माझा एक फोटो नाही.

त्या फेऱ्यांमध्ये मला एक गोष्ट मात्र कळली. मी त्याच्या समोरून जायचे तेव्हा त्याचा चेहरा मला दिसायचा. बटण दाबलं रे दाबलं की हात जागच्या जागी थांबायचे आणि मान खाली, स्क्रीनवर. दर्पण बटण दाबून गाडी पार वळणाआड जाईपर्यंत वळत राहायचा. सुजीतला तेवढा दम नव्हता. आपला दर्पणपेक्षा सरस आला का, हे त्याला त्याच क्षणी बघायचं असायचं. त्याचं जळणंच त्याचा फोटो हलवत होतं. मी हे त्याला सांगितलं.

"तुला काय कलतं त्यातला," तो म्हणाला, आणि पुन्हा मान खाली घातली.

पावसाळ्यात पालघरच्या एका गाड्यांच्या शोरूमने स्पर्धा काढली. धावत्या गाडीचा फोटो पाठवा. पहिल्या नंबरचा फोटो मोठा करून शोरूमच्या भिंतीवर लागणार, आणि जव्हारच्या घाटात त्यांची गाड्यांची रॅली होती, तिथे जवळून फोटो काढायचा एक पास मिळणार. सुजीतने आपले दोन धुरकट फोटो निवडून ठेवले होते, पण पाठवायच्या दिवशी दर्पणने टिपलेली लाल गाडी बघितली आणि ते मागे घेतले. लाल गाडी पाठवली. कोपऱ्यात दोन नावं. तिचाच नंबर आला.

बक्षीस घ्यायला आम्ही सगळे गेलो. शोरूमचे मॅनेजर, मनीष म्हणून एक तरतरीत गृहस्थ, हातात माईक घेऊन म्हणाले, "सुजीत-दर्पण, कोणीतरी एकाने पुढे या आणि हा फोटो कसा काढला ते सांगा." दर्पणने सुजीतच्या पाठीला हात लावून त्याला पुढे केलं. मोठा ना तो. सुजीतने गुच्छ घेतला, माईक घेतला आणि सांगितलं. पाय रोवायचे, कमरेतून वळायचं, क्लिक झाल्यावर थांबायचं नाही. सगळं बरोबर सांगितलं. सांगण्यात त्याला कोणी हरवू शकत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेत दर्पणनेही वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला आणि तो कौतुकाचा नव्हता.

पास एकाच माणसासाठी होता. घरी पुन्हा प्रश्न सासऱ्यांसमोर गेला. मी मनात म्हटलं, आता तरी म्हणतील की ज्याचा फोटो त्याचा पास. पण कायदा म्हणजे कायदा. "मोठा हाय तो. सुकान मोठ्याच्या हातात," सासरे म्हणाले.

"जाऊ दे सुजीतलाच," दर्पण म्हणाला. हसला.

सुजीत घरात येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. "भांडला का नाय तो?" म्हणाला. "भांडायला पायजे होता. त्याला खात्री हाय, मी जाऊन काय करनार नाय."

निघायच्या दिवशी घाटात पाऊस होता, तेव्हा दर्पणने कॅमेरा बांधून दिला. रोज पाण्यात पडलेले मोबाइल उघडून उघडून त्याला पाण्याची धास्ती. आमच्याकडे बर्फातली मासळी ज्या जाड प्लास्टिकमध्ये भरतात त्याची पिशवी घेतली, पुढची काच आणि डोळा लावायची खिडकी तेवढी मोकळी ठेवली आणि मागून चारी बाजूंनी चिकटपट्टी. दुधी, जाड प्लास्टिक. आत स्क्रीन आहे की नाही तेसुद्धा कळत नव्हतं.

"बघू कसा मी काय आला ते?" सुजीतने विचारलं.

"घरी येऊन बघ. उघडलास तर पानी जाईल."

सुजीतला ह्यात डाव दिसला. जाताना मला कानात म्हणाला, "मुद्दाम बांधलंय." मी म्हटलं, "जा आता."

मनोर, विक्रमगड करत तो घाटात पोचला. पुढचं त्याने मला सांगितलं तेवढं. वळणावर चिखल, गाड्या एकामागून एक, पाऊस नाकातोंडात. पहिल्या काही गाड्यांना सवयीने मान खाली घातली तर नुसतं पांढरं प्लास्टिक. मग त्याने बघणं सोडून दिलं. करणार काय! गाडी आली की धर, वळ, दाब, आणि बघायला काही नाही म्हणून ती दिसेनाशी होईपर्यंत वळत राहा. "हात दुखायला लागले तेवा मला कलला की मी थांबत नाय आज," तो म्हणाला.

संध्याकाळी परत आला तो थेट दर्पणकडे, कारण लॅपटॉप त्याच्याकडे. आम्ही चौघं लॅपटॉपभोवती बसलो. धूर, धूर, धूर. मध्येच एक दार, एक चाक. मग ती आली. पिवळी गाडी, वळणावर कललेली, चाकांतून उडालेल्या चिखलाचा पंखा, काचेमागे ड्रायव्हरचे दात आवळलेले, आणि मागे अख्खा डोंगर वाहत चाललेला. बोल्टसुद्धा स्थिर. मी पहिल्यांदाच बोल्ट बघितला.

दर्पणने लॅपटॉप जवळ ओढला. मग दर्पण म्हणाला, "सुजीत, असला मला बी नाय आला अजून." खरं बोलत होता. त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा जरासा हेवा पाहिला आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

सुजीत त्या फोटोकडे बघत होता, तान्ह्या पोराकडे बघावं तसा. आणि दर्पणने नेहमीच्या सवयीने तो फोटो उघडला, कोपऱ्यात नाव टाकलं. 'सुजीत-दर्पण'.

त्या दिवशी माझा नवरा जेवला नाही.

रॅलीच्या निवडक फोटोंचं प्रदर्शन त्याच शोरूममध्ये भरलं. पिवळी गाडी मधोमध. तिच्या बरोबर वर भिंतीवर आधीपासूनची लाल गाडी. नवापूरचे बरेच जण आले होते, रामा टपरी बंद करून आला होता. सुजीतने नवा शर्ट घातला होता. मला त्याचं सगळं कळत होतं. आज लोकांनी म्हणायचं होतं.

रामाने पिवळी गाडी बघितली आणि सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं ओरडला, "आयला, हा तर दर्पणचा! आंधला बी सांगेल!"

झालं, सगळे दर्पणभोवती. मॅनेजर मनीष आले आणि त्यांनी त्याचा हात धरला. "दर्पणजी, हा तर मागच्यापेक्षाही भारी. कमाल केलीत."

"दोघांचा हाय," दर्पण हसून म्हणाला.

आजवर प्रत्येक फोटोला तो हेच म्हणत आला होता आणि आजवर त्यात आमचा फायदा होता. आज सुजीतचा चेहरा पांढरा पडला. तो तोंड उघडेल म्हणून मी वाट पाहिली. तो उघडेना. एकच गोष्ट मागितली होती ह्या माणसाने, ती भिंतीवर टांगलेली होती आणि तीही त्याला मिळत नव्हती. माझं डोकं फिरलं.

"दोघांचा नाय," मी म्हणाले. माझा आवाज बारीक नाही. "ह्यांचा हाय. एकट्यांचा. तुमी तेवा दुकानात मोबाइल खोलत बसला होता भावजी. घाटात हे होते."

रिद्धीने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली. सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, ते उठून उभे राहिले. दर्पणचं हसू गेलं. इतक्या वर्षांत मी त्याचा चेहरा हसल्याशिवाय पाहिला नव्हता. तसा तो वयस्कर दिसतो.

"बरोबर हाय वहिनी," तो म्हणाला. "सुजीतचाच हाय. मी नव्हतोच तिकडे." मग त्याने मान वर केली, लाल गाडीकडे. "मग तो माझा."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण मॅनेजर मनीषनी वर बघितलं, मग सुजीतकडे बघितलं. त्याच जागी उभं राहून, मॅनेजरांचाच माईक धरून, सुजीतने तो फोटो कसा काढला ते सांगितलं होतं. "पण मागच्या वेळी तर सुजीतराव..." ते म्हणाले आणि सभ्यपणाने थांबले. रामासुद्धा गप्प बसला, आणि रामा गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही.

"हो. तो त्याचा," सुजीत म्हणाला.

मी बोलले ते चुकलं असं मला वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. माझ्या नवऱ्याचा फोटो होता. पण बोलताना मला एवढंच दिसत होतं की एक फोटो आपल्याकडे येईल. बाकीचे जातील, हे डोक्यात आलं नव्हतं.

सासरे घरी आले. ओट्यावर बसले, चपला काढल्या आणि म्हणाले, "हा माझा, तो तुझा सुरू झाला की होडी चालत नाय. वाटे करा."

दुसऱ्या दिवशी दोघे लॅपटॉपसमोर बसले. भांडण नाही, काही नाही. दर्पण एकेक फोटो उघडायचा आणि विचारायचा, "कुनाचा?" लग्नं, हळदी, बारशी बहुतेक सुजीतची. दर्पणने ती सगळी बिनबोभाट दिली, वर आपली दोन-चारही देऊ करत होता. मग गाड्या सुरू झाल्या. पांढरी इको. "तुझा." म्हावऱ्याचा टेम्पो. "तुझा." रिक्षा, लाल गाडी, पाण्याचा टँकर, रिद्धीची स्कूटी. "तुझा. तुझा. तुझा." सुजीत स्वतःच सांगत होता. मी चहा घेऊन दारात उभी होते, तो गार झाला. शेवटी पिवळी गाडी आली आणि दर्पण म्हणाला, "हा तुझा." आणि 'दर्पण' हे नाव पुसून टाकलं.

आता दोघांची दोन पानं आहेत. सुजीतच्या फोटोंखाली एकटं सुजीत. त्याला हवं होतं तसं. कॅमेरा अजून एकच आहे, एका रविवारी हा घेतो, एका रविवारी तो. सुजीत आपल्या रविवारी वळणावर जातो, प्लास्टिकसुद्धा बांधून बघितलं त्याने. पण बघताच येत नाही म्हणून बघणं सुटतं ती गोष्ट वेगळी, आणि मुद्दाम झाकून घेतलेली वेगळी. आजवर धूरच. दर्पणच्या पानावर दर आठवड्याला नवी गाडी येते. सुजीत ती बघतो. आधी बघायचा, जळायचा आणि कोणी कौतुक केलं की 'आमचाय' म्हणायचा. जळण्यावर तेवढा तरी उतारा होता.

परवा आम्ही बोईसरला कॉलनीच्या बाहेर सुकी मासळी घेऊन बसलो होतो. प्रियदर्शिनी म्हणून एक बाई आमच्या नेहमीच्या, त्यांचे यजमान तिथल्या वीज केंद्रात आहेत. मूळच्या कोल्हापूरकडच्या, पण आता बोंबील माझ्याकडूनच नेतात. मी बोंबील तोलत होते, सुजीत पिशवी धरून उभा होता.

"अहो, तुमच्या घरचे ते गाड्यांचे फोटो!" त्या म्हणाल्या. "माझा मुलगा वेडा झालाय त्यांच्यामागे. ती लाल गाडी, ती इकोतली बाई. किती सुंदर काढता हो तुम्ही!"

इतके दिवस मी अशा वेळी हसून दोन बोंबील जास्त टाकत असे. त्या सुजीतकडे बघत होत्या, कौतुकाने. मी तराजूकडे बघितलं.

"ते आमचे नाहीत," मी म्हणाले. "ते आमच्या दिराचे."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमचेच."

सुजीतने पिशवी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि खिशातून फोन काढला.

"आमचा एक हाय," तो म्हणाला. "दाखवू?"

त्यांनी पिशवी उचलली, पैसे माझ्या हातात दिले. "पुढच्या वेळी बघते हं नक्की," म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.